कोपऱ्यातली कुंडी

१

कुंडीतून दगड निघाला.

मुठीपेक्षा मोठा, गुळगुळीत, एका अंगाला पांढुरके डाग. हेडमाळ्यानं तो टेबलावर माझ्यापुढे ठेवला आणि हात पुसत बाजूला उभा राहिला.

"इथं कंद असायला हवा होता, ताई," तो म्हणाला. "बाकी सगळ्या कुंड्यांना कोंब आले, हिलाच येईना. म्हणून बोट घालून बघितलं, तर हे."

मी चौकशी खात्यातली बाई. गहाळ फायली, गहाळ पंप, एकदा तर अख्खा गहाळ रोड रोलर, असलं सगळं माझ्याच गळ्यात पडतं. पण निवृत्तीच्या तोंडावर रताळ्याएवढ्या कंदासाठी मला या वनस्पती उद्यानात धाडतील असं वाटलं नव्हतं. मला झाडांतलं ओ की ठो कळत नाही. माझ्या घरी निवडुंगसुद्धा टिकत नाही.

हेडमाळ्याला सगळे मामा म्हणायचे. बागेत कामाला लागले तेव्हा त्यांना मिसरूड फुटत होतं, आता मिशी पांढरी झाली होती. त्यांनी मला समजावून सांगितलं ते असं. वेलीचं नाव धापवेल. धाप लागणाऱ्याला तिचा कंद उगाळून द्यायचे, म्हणून हे नाव. औषधी म्हटल्यावर लोकांनी डोंगर उकरून ती संपवली आणि उरलेला डोंगर खाणीनं खाल्ला. रानात आता एकही नाही. बागांतून आहेत, पण त्या वेलीत नर वेगळा आणि मादी वेगळी. ज्या बागांत धापवेल आहे, तिथले सगळे नर. मादी जगात एकच उरली होती, इथल्या काचघरात.

"आणि ओळखायचं कसं, हा नर आणि ही मादी?"

"फुलावरून. फूल येईपर्यंत काही कळत नाही. वेल सुकली की वर काहीच उरत नाही. कुंडीत माती, मातीत खोचलेली पत्र्याची पाटी आणि खाली कंद झोपलेला. पाटी म्हणेल ते खरं."

"आणि मादी गेली तर?"

मामा दगडाकडे बघत राहिले. "मग नर आहेत. त्यांचेच कंद तोडून तोडून लावत बसायचं. बी कधी धरणार नाही. मागच्या हंगामात तिला पहिल्यांदा फुलं आली, पण तोवर नरांची झडून गेली होती. यंदा नर उशिरा फुलावेत म्हणून मॅडमनी त्यांना सावलीत ठेवलं होतं. यंदा बी धरणार होतं, ताई."

त्यांनी बाहीनं डोळे टिपले. मला उगीचच त्या दगडाचा राग आला.

२

काचघराचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या चौघांकडे होत्या: मामा, प्रयोगशाळेतले डॉक्टर, उद्यानाचे संचालक, आणि ज्यांना मामा मॅडम म्हणायचे त्या क्युरेटर बाई. म्हणजे चोर घरातलाच.

"संशय आधी माझ्यावरच येणार," मामा म्हणाले. "माळ्यावर नाही तर कुणावर येणार? या, घर बघून जा. पण एक सांगा, हा दगड कशाला ठेवला असेल? कालपासून डोकं खाजवतोय, उलगडा होत नाही."

मलाही होत नव्हता. मी दगड पिशवीत घातला आणि डॉक्टरांकडे गेले.

हे डॉक्टर म्हणजे औषधांवर संशोधन करणारे, आयुष्यात एकही पेशंट न तपासलेले. खोलीभर बरण्या. त्यांनी एका स्टुलावरची पुस्तकं उचलून मला बसायला जागा केली.

"हो, मला ती हवी होती," त्यांनी स्वतःहूनच सांगितलं. "नराचा कंद धापेवर चालतो का, हे मी तपासतोय. जुने लोक म्हणायचे, मादीचा जास्त गुणी. मग तिचा नखाएवढा तुकडा मागितला तर बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांची किडनी मागितली!"

"म्हणून मग परस्पर उचललात?"

ते खो खो हसले. "अहो, माझं नरांवर भागतंय की. दर वर्षी वेली सुकल्या की मागच्या शेडमधली शेवटची रांग माझी. बाईंनीच घालून दिलेला नियम आहे. यंदाही मामांनी टोपलीभर आणून दिले." मग हसू आवरून म्हणाले, "आणि मी चोरी केली असती ना, तर तुम्हाला पत्ता लागला नसता. निदान फुलं येईपर्यंत तरी."

फाजील बडबड, असं मी तेव्हा मनात म्हटलं. पुढे तीच कामी आली.

३

चौकशी मागणारे संचालक साहेब हिशेबखात्यातून बढतीवर इथं आलेले. वागायला एकदम सज्जन. मला बाग दाखवताना त्यांनी एक कुंडी दोन्ही हातांनी उचलून धरली.

"बघा, मुरलेला माळी असा वजनावरून सांगतो, पाणी हवं की नको. पाहुण्यांना मी हे नेहमी दाखवतो, फार आवडतं त्यांना."

त्यांचा बंगला बागेतच होता. पायवाटेच्या दोन्ही कडांना चुना लावलेले दगड. दिवाणखान्यात बसलो, चहा आला. आतल्या खोलीतून एक आवाज येत होता. आधी वाटलं, कुणी करवत चालवतंय. मग लक्षात आलं, तो माणसाच्या श्वासाचा आवाज आहे.

"आई," साहेब म्हणाले. "दोन वर्षं झाली. आडवं होता येत नाही तिला, बसूनच झोपते. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात टेकले."

मी चहा निम्मा टाकून उठले. दारापर्यंत सोडायला आले तेव्हा त्यांनी हात जोडले. "कुणाचीही गय करू नका. फार अमोल वस्तू गेली आपली."

तो श्वास मला फाटकापर्यंत ऐकू येत होता. निदान कानात तरी होताच.

४

क्युरेटर बाईंची भेट मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. ती वेल त्यांच्या वडिलांनी आणलेली. ते याच बागेत रोपं गोळा करणारे होते. खाणीचे सुरुंग लागायच्या आदल्या हंगामात डोंगरावरून एक अनोळखी कंद पिशवीत घालून खाली आले. तो नर की मादी हे कळायच्या आधीच वारले. फूल पाहिलं ते लेकीनं. बाईंची उभी हयात त्या एका कुंडीमागे गेली होती.

म्हणून मी रुमाल तयार ठेवून गेले. बघते तर काय, बाई मोबाइलवर मला बाळाचे फोटो दाखवायला लागल्या.

"लेकीचं बाळंतपण करून चोरी उघडकीला आली त्याच दिवशी परतले. नात झाली. हे बघा, जांभई देतेय."

"गोड आहे," मी म्हटलं. "मादीचा कंद गेला, बाई."

"हो ना. वाईट झालं."

बस्स. एवढंच. मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले.

"तिचे दोन भाग करून ठेवले नव्हते का? एक गेला तर दुसरा?"

"दोनदा करून बघितलं. दोन्ही वेळा कापलेला तुकडा कुजला. तिसऱ्यांदा माझा हात धजला नाही." हे सांगताना मात्र त्यांचा चेहरा उतरला. मग सावरून त्यांनी विचारलं, "चहा घेणार?"

काचघरात जाऊन मी कुंडीजवळचा फलक वाचला. बाईंनीच लिहिलेला. वेलीची माहिती, डोंगराचा फोटो, आणि खाली एक ओळ: 'मादीचा कंद दम्यावर अधिक गुणकारी, असे जुने जाणकार मानतात.' ही ओळ लिहायला यांना कुणी सांगितलं होतं? चोराला पत्ता देऊन ठेवायचा आणि वर चोरी झाली की नातीचे फोटो दाखवायचे!

जिची जन्माची कमाई गेली, तिच्या डोळ्यांत टिपूस नाही. मामांच्या आहे, साहेबसुद्धा हळहळताहेत, आणि हिच्या नाही. मला खात्री पटली की बाईंना काहीतरी माहीत आहे. खात्री बरोबर होती. पण त्यावरून चोर त्याच असाव्यात असा मी जो तर्क केला, तो सपशेल चुकला.

५

दगड समोर ठेवून मी सकाळभर बसले. आणि डॉक्टरांचं बोलणं आठवलं, निदान फुलं येईपर्यंत तरी.

दुपारी चौघांनाही काचघरात बोलावलं.

"मामांना कंद चोरायचा असता," मी म्हटलं, "तर त्यांनी जागेवर काय ठेवलं असतं? मागच्या शेडमधला एक नर. कोंब आला असता, वेल चढली असती, फुलं येईपर्यंत कुणाला शंका आली नसती. डॉक्टरांकडे तर टोपलीभर होते. बाईंनाही तेच सुचलं असतं. कुंडीत दगड ठेवणाऱ्याच्या डोक्यातच आलं नाही की यातून काही उगवायचं आहे."

मी दगड हातात घेतला.

"मग दगड ठेवला कशासाठी? वजनासाठी. कुणी कुंडी उचलली तर हलकी लागू नये म्हणून. पण मामा, झोपलेल्या कंदाच्या कुंड्या उचलता का कुणी?"

"नाही, ताई. पाणीच नाही तर उचलायची कशाला? हातसुद्धा लावत नाही."

"म्हणजे चोराला बागकाम अर्धंच ठाऊक होतं. पाहुण्यांना दाखवण्यापुरतं." मी दगड उलटा केला. "आणि हे डाग आहेत चुन्याचे. बागेत चुना लावलेले दगड एकाच पायवाटेला आहेत."

साहेब खाली बसले. खुर्ची नव्हती, तिथंच फरशीवर.

"मी रोज तो बोर्ड वाचायचो," ते म्हणाले. "येता-जाता. डॉक्टरांकडून नराचा कंद मागून आणला होता, त्यानं काही झालं नाही. मग वाटलं, मादीचा देऊन बघू. तुम्ही ऐकलाय ना तो आवाज? रात्रंदिवस ऐकतो मी. चौकशी मागितली नसती तर माझ्यावरच बोट आलं असतं." त्यांनी तोंड झाकून घेतलं. "दोन दिवस तिला बरं वाटलं हो. आडवी झोपली. शपथेवर सांगतो, दोन दिवस झोपली."

डॉक्टर खिडकीकडे वळले. मामा काहीतरी पुटपुटले, शिवी असावी, पण अर्ध्यावरच थांबले.

तेवढ्यात क्युरेटर बाई साहेबांजवळ जाऊन उकिडव्या बसल्या.

"साहेब," त्या म्हणाल्या, "तुम्ही नेलात तोही नरच होता."

६

मागच्या वर्षी कुणीतरी त्या कुंडीतली माती उकरलेली बाईंना दिसली होती. तेव्हापासून त्यांची झोप उडाली. लेकीकडे जायची वेळ आली तेव्हा वेली सुकून गेल्या होत्या. जायच्या आधी त्यांनी काचघरातल्या कुंडीत एक नर पुरला, पाटी मात्र मादीचीच राहू दिली. आणि मादीला नराची पाटी लावून मागच्या शेडमध्ये ठेवलं, पहिल्या रांगेत, कोपऱ्यात.

"कुणालाच सांगितलं नाहीत? मामांनासुद्धा?" मी विचारलं.

"किल्ली असलेल्या कुणावर विश्वास ठेवायचा, तेच कळेना. मामा, रागावू नका. काही खूणसुद्धा केली नाही. खूण केली की कुणीतरी ओळखतं. नरांच्या सगळ्या पाट्या सारख्या, सगळे एकाच वेलीचे, त्यांना नंबरही नाहीत. पहिली रांग राखायची असते, ती डॉक्टरांकडे कधीच जात नाही. फक्त जागा लक्षात ठेवली."

आम्ही शेडमध्ये गेलो. लांब बाक, त्यावर कुंड्यांच्या रांगा, प्रत्येक कुंडीत बोटभर लालसर कोंब. बाई कोपऱ्यातल्या कुंडीवर हात ठेवून थांबल्या.

"परतले तेव्हा आधी इथं आले. कोंब बघितला आणि मगच घरी गेले. चोर सापडेपर्यंत तोंड बंद ठेवायचं ठरवलं होतं. तुमच्यासमोर रडायचं नाटक काही जमलं नाही मला."

"मॅडम, तुम्ही पण ना!" मामा म्हणाले आणि खरंच रडायला लागले. डॉक्टरांनी टाळी वाजवली. मीसुद्धा हसले, खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांच्या नोकरीत गेलेली वस्तू परत मिळालेली मी कितीदा बघितली असेल? सगळं इथंच थांबायला हवं होतं.

पण मला वर बघायची खोड आहे. छपराखालून पाण्याची एक नळी जात होती, जुनी, काळवंडलेली. मधला एक तुकडा पांढराशुभ्र, नवा. नेमका त्या कोपऱ्यावर.

"मामा," मी सहज विचारलं, "ही नळी कधी बदलली?"

मला काय करायचं होतं विचारून? कुणी सांगितलं होतं?

"मॅडम लेकीकडे होत्या तेव्हा," डोळे पुसत मामा म्हणाले. "फुटली होती. टप टप पाणी, नेमकं याच कोपऱ्यात. झोपलेल्या कंदाला पाणी म्हणजे विष. बरं झालं वेळेवर बघितलं. भिजलेल्या कुंड्या तेवढ्या उचलून मागच्या रांगेत ठेवल्या आणि मागच्या कोरड्या इथं आणल्या. म्हटलं, भिजलेले कुजायच्या आत डॉक्टरांना देऊन टाकू, राखायला चांगले राहतील. नर ते नर, सगळे सार..."

त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

बाईंनी कोपऱ्यातल्या कुंडीवरचा हात काढला नाही. "इथली कुंडीही हलवली होतीत, मामा?"

"तीच तर सगळ्यात जास्त भिजली होती," मामा म्हणाले.

७

डॉक्टरांनी आपल्या खोलीतल्या फळीवरून बरणी काढली. आत बारीक, फिकट तपकिरी पूड होती.

"सगळे कापले, वाळवले, एकत्र दळले," ते हळू आवाजात म्हणाले. "एक जरा मऊ पडला होता. तो आधी कापला."

बाईंनी बरणी घेतली, उजेडासमोर धरली, थोडी फिरवली.

"यात ती किती असेल?"

"बाई, मिसळलंय हो सगळं."

"आणि खरंच असतो का तिच्यात गुण जास्त? माझे वडील म्हणायचे. मी फलकावर लिहून टाकलं."

डॉक्टर म्हणाले, "आता ते कधीच कळणार नाही."

मामा दाराबाहेर जमिनीवर बसले होते. ज्या हातांनी कुंड्या उचलल्या, ते हात मांडीवर उताणे पडले होते. बाई त्यांच्याजवळ गेल्या. मला वाटलं, आता रागावून बोलतील, निदान एक शब्द तरी. "चुकलं ते माझं, मामा," एवढंच म्हणाल्या आणि त्यांच्या शेजारी बसून राहिल्या.

मी अहवाल लिहिला. चोरी सिद्ध झाली. चोरीला गेलेली वस्तू नेहमीचीच, सहज मिळणारी, असं मला त्यात नमूद करावं लागलं. साहेबांची बदली झाली आणि ते आईला घेऊन गेले. ज्याच्यामुळे ती खरोखर गेली, असा गुन्हेगार माझ्या अहवालात कुठेच नव्हता. काळजी घेणारी तीन माणसं होती, तिघांनीही आपापलं काम नीट केलं होतं.

बाईंनी मात्र आशा सोडली नव्हती. मामांची गफलत झाली असेल, एखादी कुंडी राहिली असेल. फूल येईपर्यंत कळत नाही, त्या फोनवर मला सांगायच्या, आणि मीही हो ला हो करायचे.

मग एक दिवस त्यांचा फोन आला. "या, फुलं आलीत."

मी गेले. शेडमध्ये शिरल्याबरोबर वास आला, गोडसर आणि जड. नर उशिरा फुलावेत म्हणून केलेली सोय अचूक लागू पडली होती. सगळ्या वेली एकदम फुलल्या होत्या, पिवळ्या लोंब्या लोंबत होत्या आणि माश्या घोंगावत होत्या. इतकं सुंदर दृश्य मी त्या बागेत कधी बघितलं नव्हतं. मामांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की नराची लोंबी अशी असते, आणि मादीच्या फुलामागे तीन कडांची हिरवी गाठ असते.

मी एकेक वेल बघत गेले. गाठ कुठेच नव्हती. कोपऱ्यातल्या कुंडीतल्या वेलीवरही नव्हती. तिथं सगळ्यांत लांब लोंब्या आल्या होत्या.

बाई तिच्यासमोर स्टुलावर बसल्या होत्या. त्यांच्या एका हातात बारीक ब्रश होता, दुसऱ्यात कागदाची पुडी. फुलांतले पराग ब्रशनं अलगद टिपून त्या पुडीत झाडत होत्या, सावकाश, एक कणही बाहेर सांडू न देता. मामा शेजारी दुसरी रिकामी पुडी धरून उभे होते.

कुणासाठी, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. या वेळी मी काही विचारलं नाही.